मावशीनं टाकलेल्या बाटल्या

माझी मावशी बाटल्यांशी बोलते असं लोक म्हणतात. खोटं आहे. ती बोलत नाही, ऐकते. बोलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात ती एक पितळी नट घालते. साधा, नळाच्या कामातला. डाव्या हाताच्या दोन बोटांत बाटलीची मान धरायची, बाटली लोंबती सोडायची आणि नटानं तिच्या खांद्यावर टिचकी मारायची. बाटली धड असेल तर ‘टिन्न’ वाजते. आत कुठे चीर गेली असेल तर ‘टप्प’. ती चीर डोळ्याला दिसत नाही, ट्यूबलाइटसमोर धरली तरी दिसत नाही. आणि तसल्या बाटलीत सोडा दाबून भरला की ती फुटते. लगेच फुटली तर कारखान्यात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात.

शेडमध्ये साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळे तिला मावशी म्हणतात. मीही म्हणते. फक्त माझी ती खरी मावशी आहे, आईची सख्खी बहीण, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकते. म्हणजे माझ्यासमोर तिच्याबद्दल काही बोलायचं असेल तर विचार करून बोलेल.

मी नववीत शाळा सोडली. एका जागी बसवत नव्हतं, दुसरं कारण नाही. आई म्हणाली, जा मावशीकडे, ती तुला सरळ करेल. मावशीनं सरळबिरळ काही केलं नाही. तिनं मला क्रेटची ट्रॉली दिली आणि म्हणाली, “तुला हिंडायचंय ना? हिंड.” तेव्हापासून धुण्याच्या यंत्रापासून तपासणीच्या टेबलापर्यंत आणि तिथून भरायच्या कारखान्याला जाणाऱ्या गाडीपर्यंत मी दिवसभर हिंडते.

मावशी सोळाव्या वर्षी जुन्या सोड्याच्या कारखान्यात लागली. तिथं सगळ्या बाटल्या परत यायच्या, धुतल्या जायच्या, पुन्हा भरायच्या. त्याला तेव्हा कोणी मोठं नाव दिलं नव्हतं. बाटली महाग होती म्हणून परत घ्यायचे, बस. एकोणीस वर्षं ती त्या टेबलाशी बसली. मग प्लास्टिक आलं. कंपनीनं धुण्याची लाइन उखडून भंगारात घातली आणि बायकांना घरी पाठवलं. मावशीनं पुढची चौदा वर्षं एका शिंप्याकडे काजं-बटणं केली.

“चांगलं काम होतं की,” ती म्हणते. “बटण काही आवाज करत नाही, एवढंच.”

मग सरकारनं नियम काढला. पेपरात आला तेव्हा मी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, समजावून सांगितला. काका आयुष्यभर ट्रक चालवून आता घरी बसलेत, त्यांना पेपराशिवाय दुसरा रस्ता नाही. ते म्हणाले, “अगं, सोपंय. ज्यानं बाटली विकली त्यानंच ती परत न्यायची. विकून हात झटकायचे नाहीत. ट्रकवाल्याला कसं, माल टाकला की रिकामी गाडी परत आणावीच लागते.”

कंपनीला एकटीला ते जमणारं नव्हतं. म्हणून तिघांचा करार झाला. नगरपालिकेनं जुनं गोदाम आणि बाटल्या गोळा करायच्या गाड्या दिल्या. कंपनीनं यंत्रं बसवली. माणसं आमच्या बायकांच्या सहकारी संस्थेची. सहा महिने चाचणी. त्यानंतर सरकारच्या तपासणीवाल्या बाई येऊन बघणार. शेवटच्या महिन्यात परत आलेल्या शंभर बाटल्यांतल्या किमान सत्तर धुवून पुन्हा भरायला गेल्या असल्या तर करार पुढे चालू. नसल्या तर शेड बंद, आणि सगळ्या बाटल्या वितळवायला काचकारखान्यात. कागदावर तोही पुनर्वापरच.

कंपनीच्या साहेबांना आम्ही टक्केसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य टक्क्यात असायचं. त्यांना मी एकदा विचारलं, “साहेब, पोरगं चिखलात लोळून आलं तर तुम्ही आंघोळ घालता का भट्टीत घालता?”

“माझं पोरगं चिखलात लोळत नाही.”

“अरेरे. मग दिवसभर करतं काय बिचारं?”

ते हसले नाहीत. पण माणूस वाईट नव्हता. जुन्या कारखान्यातल्या बायकांचा पत्ता काढत आमच्या घरापर्यंत तेच आले होते. मावशी तेव्हा शर्टाचं काज करत होती. साहेब अर्धा तास बोलले. मावशीनं सुई खाली ठेवली आणि एकच विचारलं, “शेवटचा हात कोणाचा?”

“म्हणजे?”

“यंत्र बघेल, कॅमेरा बघेल, सगळं बघू दे. पण बाटली भरायला जाण्याआधी शेवटी कोणाच्या हातातून जाणार?”

“तुमच्या.”

“लिहून द्या.”

साहेबांनी दिलं. करारात तशी ओळ आहे, मी वाचलीय.

तिनं नऊ बायका तयार केल्या. महिनाभर त्यांना फक्त टिचकी मारायला बसवलं. “पहिल्याच आवाजाला कळलं पाहिजे,” ती म्हणायची. “विचार करायला लागलात की पट्ट्यावर पुढच्या चार बाटल्या निघून गेल्या.” त्यातली एक उंच बाई, तिला आम्ही जिराफ म्हणतो, ती रडकुंडीला आली. म्हणाली, “मावशी, मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात.” मावशी म्हणाली, “तुझी दोन पोरं एकदम ओरडली तर कळतं ना, कोणाला लागलंय आणि कोण नाटक करतंय? तसंच.” जिराफ दोन दिवसांत शिकली.

पहिले तीन महिने झकास गेले. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. साहेब चालताना शीळ घालायला लागले. चौथ्या महिन्यात आकडा सत्तरवर आला. पाचव्यात त्रेसष्ट. सहाव्याच्या पहिल्या आठवड्यात अठ्ठावन्न.

बाटल्या तेवढ्याच येत होत्या. यंत्र तसंच धूत होतं. कॅमेरा पास करत होता. मावशी टाकत होती. टाकलेल्या बाटल्यांचा पिंप मी आधी दिवसातून एकदा ओतायचे, आता तीनदा.

साहेब टेबलाशी आले. “मावशी, कॅमेरा म्हणतो या बाटल्या ठीक आहेत.”

“कॅमेऱ्याला कान आहेत का?” हे मी म्हणाले.

“मी मावशींशी बोलतोय.”

“बोला की. मी कुठे तोंड धरलंय तुमचं?”

मावशीनं मला डोळ्यानं गप्प केलं. “साहेब, आवाज बसलाय यांचा. मी नाही सोडणार.”

“तीन आठवड्यांनी तपासणी आहे. अठ्ठावन्न टक्क्यांवर शेड राहणार नाही. तुमचं, या नऊ जणींचं, सगळ्यांचं काम जाईल. हे तरी लक्षात घ्या.”

“घेतलंय,” मावशी म्हणाली आणि पुढची बाटली उचलली. टप्प. पिंपात.

साहेब गेल्यावर मी त्यांना जे काही म्हणाले ते इथं लिहीत नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. जिराफ हळूच म्हणाली, “मावशीचं वय झालंय का गं?” मी म्हणाले, “तुझी मान जास्त लांब झालीय, कमी करू का?” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पण मावशी का सोडत नाही, ते मला माहीत होतं. तिनं मला एकदाच सांगितलं होतं, दुपारी डबा खाताना, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. जुन्या कारखान्यात तिच्या शेजारी एक बाई बसायची, दोघी एकत्र लागल्या होत्या. एके दिवशी त्या बाईला भरायच्या यंत्रावर बदली म्हणून पाठवलं आणि तिच्या हातात बाटली फुटली. दोन बोटं कायमची वाकायची थांबली. ती बाटली कोणी पास केली ते कोणाला कळलंच नाही. टेबलावर त्या दिवशी सहा जणी होत्या. “पण मला माहीत आहे,” मावशी म्हणाली होती. “त्या तासाला एक जरा बसक्या आवाजाची आली होती. घाई होती. मी सोडली.”

म्हणून मला साहेबांना खोटं पाडायचंच होतं. तपासणीला पाच दिवस उरले होते तेव्हा मी पिंपातल्या दहा बाटल्या उचलून घरी आणल्या. मावशी संस्थेच्या बैठकीला गेली होती. काकांना म्हटलं, “मोठं पातेलं काढा.” उकळतं पाणी बाटलीत ओतायचं, लगेच थंड पाण्याच्या बादलीत बुडवायची. चिरलेली बाटली तडकन फुटते. दहाच्या दहा फोडायच्या, तुकडे पिशवीत भरायचे आणि साहेबांच्या टेबलावर ओतायचे, असा माझा बेत होता.

काकांनी बादलीवर जाड गोणपाट धरलं. पहिली फुटली नाही. दुसरीही नाही.

“पाणी उकळलंय ना नीट?” मी विचारलं.

“तू हात घालून बघ.”

पाचवी फुटली. मी टाळी वाजवली. पुढच्या पाच तशाच राहिल्या. दहातल्या नऊ धड. ओट्यावर ओळीनं उभ्या, वाफ येतेय, आणि मी त्यांच्याकडे बघत. मला त्या बाटल्यांचा इतका राग आला की एक मीच आपटून फोडणार होते. काका म्हणाले, “आपटून फुटली तर ती तुझी चूक धरतील, तिची नाही.”

“काका, तिला सांगायचं नाही.”

“मी कशाला सांगू? मला काय हौस आलीय? पण तू नऊ बाटल्या लपवणार कुठे?”

मी त्या पलंगाखाली ढकलल्या. मावशी घरी आली, पाय धुतले, चहा घेतला आणि केर काढायला बसली. संध्याकाळी सहाला कोण केर काढतं? झाडू पलंगाखाली गेला आणि वाजलं.

ती एकेक बाटली बाहेर काढत गेली. ओल्या होत्या. ओट्यावर पातेलं होतं. तिला काही सांगावं लागलं नाही. फक्त विचारलं, “किती फुटल्या?”

मी खोटं बोलू शकले असते. तिच्याशी मात्र मला जमत नाही. “एक.”

ती खाली जमिनीवरच बसली. नट बोटात घातला. पहिल्या बाटलीवर टिचकी मारली. टप्प. म्हणजे मलाही तसंच ऐकू आलं. तिनं पुन्हा मारली. पुन्हा. मग डोळे मिटले, मारली आणि पुढची बाटली न उचलता तशीच थांबली. काकांनी पेपर दुमडायचंही थांबवलं.

“ऐक,” ती म्हणाली.

मी ऐकलं. आवाज खालचा होता, जाड होता, पण तो थांबत नव्हता. बारीक होत होत लांब चालला होता.

“चिरलेलीचा आवाज मरतो,” मावशी म्हणाली. “ही मरत नाहीये. हिचा गळाच जाड आहे. आणि मी पहिल्याच आवाजाला टाकत होते.” मग तिनं बाटली उलटी केली, बुडाला बोट फिरवलं आणि म्हणाली, “हा ठिपका आधी नव्हता.”

नऊच्या नऊ बाटल्यांच्या बुडाला मुगाच्या दाण्याएवढा काचेचा ठिपका होता. काकांनी शेजारच्या भाजीवालीचा तराजू आणून त्यात एक बाटली टाकली आणि जुनी एक, जी आमच्याकडे तेलाला होती, ती रिकामी करून दुसऱ्या बाजूला. जुनीचं पारडं खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी साहेबांच्या खोलीत उभी होती आणि मी तिच्या मागे. साहेबांनी ठिपका बघितला, फोन लावला, दहा मिनिटं कोणाशी तरी बोलले आणि खुर्चीत मागे टेकले. सरकारचा दुसराही एक नियम होता, काच कमी वापरा असा. त्यासाठी कंपनीनं काचकारखान्याशी वेगळा करार केला होता. चौथ्या महिन्यापासून नवी बाटली चौथ्या हिश्श्यानं हलकी, ओळखायला बुडाला ठिपका. बाजारात गेली, प्यायली गेली, परत आमच्याकडे आली. मुख्य ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. शेडला कोणी कळवलं नव्हतं. टक्केसाहेबांनाही नाही.

“पातळ बाटली खालच्या आवाजात वाजते, हे कोणाच्या डोक्यात येणार?” साहेब म्हणाले.

“माझ्या यायला पाहिजे होतं,” मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं पिंप ओतायला मनाई केली. टाकलेली प्रत्येक बाटली क्रेटमध्ये भरून भिंतीशी रचली. बायकांना पुन्हा पहिल्यापासून बसवलं. ठिपका असेल तर टिचकी मारून अर्धा श्वास थांबायचं, आवाजाची शेपटी ऐकायची, मग ठरवायचं. जिराफ म्हणाली, “महिनाभर तुम्हीच ओरडत होता, थांबू नका, थांबू नका.” मावशी म्हणाली, “हो. आता थांबा म्हणतेय. तेव्हा चुकले.” जिराफनं बाटली उचलली.

पण चार दिवसांत महिन्याचा आकडा बदलत नसतो.

तपासणीवाल्या बाई शुक्रवारी आल्या. साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी, केसांत पेन खोचलेलं. मला वाटलं होतं चार गाड्या येतील. त्या बसनं आल्या होत्या. सगळी शेड फिरल्या, वह्या बघितल्या आणि टेबलाशी येऊन म्हणाल्या, “सुरुवातीला एकोणऐंशी आणि आता अठ्ठावन्न. का?”

साहेबांनी घसा साफ केला. “मॅडम, यंत्राच्या सेटिंगमध्ये थोडा…”

मला कळलं, ते मावशीला झाकतायत. मी त्यांना मनातल्या मनात सहा महिन्यांची माफी देऊन टाकली. आणि तेवढ्यात मावशी म्हणाली, “यंत्र ठीक आहे. मी टाकल्या.”

“चांगल्या बाटल्या?”

“हो. बऱ्याचशा.”

“कळवलंच नव्हतं तिला!” मी मध्ये पडले. “काच बदलली आणि कोणी सांगितलं नाही. चूक त्यांची, आणि शेड आमची बंद होणार?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोण?”

“भाची. खरी.”

“गप,” मावशी म्हणाली. मग बाईंना, “कळवलं नाही हे खरं आहे, तेही लिहा. पण बाटली हातात माझ्या होती. तीन महिने एकच चूक रोज केली, आणि नऊ जणींना शिकवली.” तिनं भिंतीकडच्या क्रेटकडे हात केला. “चार दिवसांत शिकताना शंकेनं टाकलेल्या तिथं आहेत. तुमच्यासमोर पुन्हा ऐकते. साहेबांनी काल दाबाचं यंत्र मागवलंय, त्यावर घालून बघा.”

दोनशे बाटल्या मोजून घेतल्या. मावशीनं एकेक ऐकली. घाई नाही, काही नाही. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. मी क्रेट सरकवत होते आणि मनात मोजत होते. दोनशेतल्या एकशे एक्केचाळीस तिनं पास केल्या. साहेबांनी त्या दाबाच्या यंत्रावर चढवल्या. आत पाणी भरून सोड्यापेक्षा दुप्पट दाब देतात, जाळीच्या मागे.

एकशे चाळीस टिकल्या. एक फुटली.

आवाज फार मोठा नव्हता. मावशीनं हातमोजा मागितला, जाळीच्या आतले तुकडे गोळा केले, टेबलावर मांडले आणि बुडाचा तुकडा उजेडात धरला. बराच वेळ. चीर ठिपक्याच्या कडेनं गेली होती.

“ही मला ऐकू आली नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. संपलं.

बाईंनी विचारलं, “अजून किती दिवस लागतील?”

“ऐकायला शिकायला दोन महिने. पण बुडाची चीर खांद्यावरच्या टिचकीला नीट लागत नाही बहुतेक. ठिपक्याच्या बाटल्यांना दोन ठिकाणी मारावी लागेल. म्हणजे बायका वाढवाव्या लागतील, नाहीतर पट्टा हळू करावा लागेल. आणि तोवर ठिपक्याची एकही बाटली यंत्राच्या दाबाशिवाय भरायला जाऊ देऊ नका. मी पास केली तरी.”

बाईंनी केसांतलं पेन काढलं. त्या किती तरी वेळ लिहीत होत्या. आम्ही अकरा जणी, साहेब आणि वॉचमन, सगळे उभे. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं. चाचणी तीन महिने वाढवली. पट्टा हळू करायची परवानगी. आणि काचकारखाना करारात चौथा. यापुढे बाटलीत काहीही बदल करायचा तर एक महिना आधी शेडला कळवायचं आणि नमुन्याच्या पन्नास बाटल्या पाठवायच्या. नमुने ऐकून तपासणीची पद्धत लिहून होईपर्यंत नवी बाटली बाजारात नाही.

“साहेब, हे कंपनीला मान्य आहे?” बाईंनी विचारलं.

टक्केसाहेब म्हणाले, “शंभर टक्के.” मग आम्ही हसायला लागलो तेव्हा त्यांना कळलं, आणि ते पण हसले.

तीन महिन्यांनी आकडा चौऱ्याहत्तर होता. शेड आहे. जिराफ आता ठिपक्याच्या टेबलाची मुख्य आहे आणि त्याचा तोरा मला दाखवते. दाखवू दे.

गेल्या आठवड्यात काचकारखान्याचा माणूस पहिले नमुने घेऊन आला. हिरव्या रंगाच्या बाटल्या, आणखी हलक्या. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. मावशीसमोर कागद ठेवून म्हणाला, “मॅडम, इथं सही करा, मिळाल्या म्हणून. मला पुढच्या गाडीनं परत जायचंय.”

मावशीनं क्रेट जवळ ओढली. एक बाटली उचलली, टिचकी मारली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तो घड्याळ बघायला लागला.

मी त्याला स्टूल दिलं आणि म्हणाले, “बसा. पन्नास आहेत.”